‘त्यांना’ आणि ‘मला’: मान्झोनीसाठी रचलेला रेक्विएम

२२ मे १८७४ रोजी मिलानमधल्या सान मार्को चर्चमध्ये जुझेप्पे व्हेर्दीचा ‘रेक्विएम’ पहिल्यांदा सादर झाला. संचालन स्वतः व्हेर्दीच करत होता. समोर सुमारे शंभर वादक, एकशेवीस जणांचा कोरस आणि चार मुख्य गायक. बरोबर एक वर्षापूर्वी, २२ मे १८७३ला, अलेस्सांद्रो मान्झोनी वारला होता. त्याच्या पहिल्या वर्षश्राद्धासाठी ही रचना होती. राजासाठी, पोपसाठी, एखाद्या सरदारासाठी संगीतकाराने मृतांची प्रार्थना रचणं युरोपात नवं नव्हतं. एका कादंबरीकारासाठी, तेही काही खर्च संगीतकाराने आणि काही नगरपालिकेने उचलून, असं काही घडणं मात्र दुर्मीळच. नगरपालिकेत त्यावर वादही झाला. धार्मिक विधीसाठी शहराचा पैसा का, असा काही सभासदांचा प्रश्न होता, आणि १८७४च्या इटलीत तो साधा प्रश्न नव्हता. चारच वर्षांपूर्वी नव्या राज्याने पोपकडून रोम जिंकून घेतलं होतं आणि पोप स्वतःला कैदी समजत होता.

आधी शब्दाविषयी. लॅटिनमध्ये ‘रेक्विएम’ म्हणजे विश्रांती, तीही द्वितीया विभक्तीत: ‘विश्रांतीला’ किंवा ‘विश्रांती दे’मधली ‘विश्रांती’. प्रार्थनेचा पहिलाच शब्द तो, म्हणून सगळ्या विधीचंच नाव तसं पडलं. मराठीत त्याला काय म्हणावं? ‘श्राद्ध’ म्हटलं की पिंड आणि कावळा येतो, ‘शांतिपाठ’ म्हटलं की उपनिषद. वसईचे मराठी ख्रिस्ती लोक रोजच्या उपासनेला ‘मिस्सा’ म्हणतात, म्हणून ‘मृतांसाठीचा मिस्सा’ हे सर्वांत जवळचं. तरीही मी ‘रेक्विएम’च ठेवते. परक्या विधीचा परकेपणा थोडा तरी शिल्लक राहावा, असं मला भाषांतर करताना नेहमी वाटतं.

आता जरा व्याकरणाकडे वळू, कारण या रचनेचं मर्म मला तिथेच सापडतं. ही प्रार्थना सुरू होते तृतीय पुरुषी अनेकवचनात: ‘त्यांना’ विश्रांती मिळो. जिवंत माणसं मेलेल्यांसाठी मागत असतात. मधे तेराव्या शतकातलं म्हणून सांगितलं जाणारं ‘दिएस इरे’ हे दीर्घ पद्य येतं, न्यायनिवाड्याच्या दिवसाचं वर्णन करणारं, आणि त्यात अचानक एक ‘मी’ बोलू लागतो. मग पुन्हा ‘त्यांना’. शेवटी, मिस्सा संपल्यावर, शवपेटीजवळ उभं राहून म्हणायचा एक भाग असतो, ‘लिबेरा मे’. त्याच्या नावातच ‘मला’ आहे: मला सोडव. हा भाग मिस्साचा नव्हे, नंतरचा आहे. मोझार्टच्या रेक्विएममध्ये तो नाही. व्हेर्दीने तो घेतला, एवढंच नव्हे, तर सगळ्यात आधी तोच लिहिला.

त्याची कथा मान्झोनीच्या मृत्यूच्या पाच वर्षं आधी सुरू होते. १३ नोव्हेंबर १८६८ला पॅरिसजवळ रोसिनी वारला. चारच दिवसांनी व्हेर्दीने आपला प्रकाशक रिकोर्दी याला पत्र लिहून एक योजना मांडली. इटलीतल्या नामवंत संगीतकारांनी मिळून रोसिनीसाठी एक रेक्विएम लिहावा, प्रत्येकाने एक भाग. वर्षश्राद्धाला तो बोलोन्याच्या सान पेत्रोनिओ चर्चमध्ये एकदाच वाजवावा आणि मग मोहोरबंद करून तिथल्या संगीतविद्यालयाच्या दफ्तरखान्यात ठेवून द्यावा. कोणी मानधन घ्यायचं नाही, परदेशी कोणाचा हात नको. तेरा संगीतकार ठरले. व्हेर्दीच्या वाट्याला शेवटचा भाग आला, ‘लिबेरा मे’. बाकीच्या बारा जणांची नावं आज संगीताच्या इतिहासाचे अभ्यासकच घेतात.

तेराही जणांनी आपापले भाग वेळेत दिले. प्रयोग मात्र झाला नाही. बोलोन्याच्या नाट्यगृहाच्या ठेकेदाराने आपले वादक आणि कोरस द्यायला नकार दिला आणि ठरलेल्या दिवसाच्या नऊ दिवस आधी समितीने बेत सोडून दिला. व्हेर्दीने दोष ठेवला तो संचालक आंजेलो मारिआनी याच्यावर. जुनी मैत्री त्यात संपली. दोष खरोखर मारिआनीचा किती, यावर अभ्यासक आजही बोलतात, आणि माझं मत त्याच्या बाजूने झुकतं. व्हेर्दी रागावला की न्यायाधीश होत असे. असो. ती सगळी पानं कागदांच्या ढिगात गेली. पुढे शंभर वर्षांनी, १९७०मध्ये, अमेरिकन अभ्यासक डेव्हिड रोझेन यांना ती रिकोर्दीच्या संग्रहात सापडली आणि १९८८मध्ये श्टुटगार्टला हेल्मुट रिलिंग यांनी तो मिस्सा पहिल्यांदा वाजवला.

व्हेर्दीचा भाग १८७३च्या वसंतात त्याच्याकडे परत आला. काही आठवड्यांतच मान्झोनी गेला.

मान्झोनी कोण, हे मराठी वाचकाला सांगावं लागतं, कारण इटलीबाहेर तो फारसा पोचला नाही. त्याने कादंबरी एकच लिहिली: ‘ई प्रोमेस्सी स्पोझी’, म्हणजे ‘वाङ्‌निश्चय झालेली जोडी’. सतराव्या शतकातलं लोम्बार्दी, स्पॅनिश अंमल, दुष्काळ, १६३०ची प्लेगची साथ, आणि या सगळ्यात लग्न अडलेलं एक गरीब जोडपं, रेन्झो आणि लुचीया. पहिली आवृत्ती १८२७मध्ये पुरी झाली. लोकांनी ती उचलून धरली, पण लेखकाचं समाधान झालं नाही. कारण भाषा. मिलानच्या खानदानी घरात बोली मिलानी, शिष्टाचाराची भाषा फ्रेंच. इटालियन ही पुस्तकातून शिकायची गोष्ट. पहिल्या आवृत्तीचं इटालियन त्याला ठिगळं लावलेलं वाटलं. त्याच वर्षी तो फिरेन्झेला गेला, तिथल्या सुशिक्षितांची जिवंत बोली कान देऊन ऐकली, आणि मग पुढची कित्येक वर्षं तीच कादंबरी वाक्य न् वाक्य पुन्हा लिहिली. कपडे आर्नो नदीत धुऊन काढणं, असं त्याने या कामाचं वर्णन केलं. सुधारलेली आवृत्ती १८४० ते १८४२ या काळात भागाभागांनी निघाली. एकाच भाषेतून त्याच भाषेत केलेलं इतकं मोठं भाषांतर दुसरं माझ्या वाचनात नाही.

इटली १८६१मध्ये एक राज्य झालं, तेव्हा त्या राज्यात इटालियन बोलणारे किती होते? भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो यांचा अंदाज अडीच टक्क्यांचा; नंतर आर्रिगो कास्तेल्लानी यांनी तो दहा टक्क्यांच्या आसपास नेला. कोणताही आकडा घ्या, देशभाषा ही देशातल्या बहुतेकांची भाषा नव्हती. १८६८मध्ये शिक्षणमंत्री ब्रोल्यो याने म्हाताऱ्या मान्झोनीला समितीचं प्रमुखपद दिलं, आणि त्याने अहवाल दिला: फिरेन्झेची बोली प्रमाण माना, तिचा कोश करा, शाळांतून तिथले शिक्षक पाठवा. १८७३मध्ये, मान्झोनीच्या मृत्यूच्याच वर्षी, ग्राझियादिओ आस्कोली याने त्याला सडेतोड उत्तर दिलं. आस्कोली मिलानलाच प्राध्यापक होता आणि संस्कृतासह तौलनिक भाषाशास्त्राचा मोठा जाणकार. त्याचं म्हणणं असं की प्रमाणभाषा एका शहरातून आणून वाटता येत नाही. लिहिणारे-वाचणारे, देवघेव करणारे लोक वाढले की ती आपोआप घडते. भारतातल्या कोणत्याही भाषेच्या वाचकाला हा वाद परका वाटू नये. पुण्याची मराठी की सगळ्यांची मराठी, हे भांडण आपण अजून मिटवलेलं नाही. मला स्वतःला आस्कोलीचं पटतं आणि वाचायला मान्झोनी आवडतो.

व्हेर्दीच्या जन्माचीच गोष्ट पाहा. १८१३मध्ये पार्माजवळच्या रोंकोले खेड्यात तो जन्मला तेव्हा तो प्रांत नेपोलियनच्या साम्राज्यात होता. त्यामुळे सरकारी नोंद फ्रेंचमध्ये, जोसेफ फोर्तुनें फ्रांस्वा. बाप्तिस्म्याची नोंद लॅटिनमध्ये. घरात बोली पार्माकडची. या मुलाने सोळाव्या वर्षी मान्झोनीची कादंबरी वाचली आणि आयुष्यभर ती त्याला पुरली. दोघांची भेट मात्र ३० जून १८६८ला एकदाच झाली, काउंटेस क्लारा माफ्फेई हिच्या मध्यस्थीने. नंतर तिला लिहिलेल्या पत्रात व्हेर्दी म्हणतो की माणसांची पूजा करता येत असती तर मी त्याच्यापुढे गुडघे टेकले असते. व्हेर्दी हा कोणापुढे सहसा न वाकणारा माणूस, हे लक्षात घेतलं म्हणजे या वाक्याचं वजन कळतं.

६ जानेवारी १८७३ला सान फेदेले चर्चच्या पायऱ्यांवर मान्झोनी पडला, डोक्याला मार बसला, आणि साडेचार महिन्यांनी अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी वारला. मिलानने त्याला राजेशाही निरोप दिला. व्हेर्दी अंत्ययात्रेला गेला नाही. गर्दी ओसरल्यावर, काही दिवसांनी, तो एकटाच थडग्यापाशी जाऊन आला आणि परतल्यावर रिकोर्दीमार्फत मिलानच्या महापौरापुढे प्रस्ताव ठेवला: मी मिस्सा लिहितो, स्वरलेखनाच्या प्रती माझ्या खर्चाने करून घेतो, प्रयोगाचा खर्च शहराने करावा. ‘लिबेरा मे’ हातात होताच. रोसिनीसाठी लिहिलेल्या त्या भागात, प्रार्थनेच्या शब्दांना धरून, ‘दिएस इरे’ची गर्जना आणि ‘त्यांना विश्रांती दे’ ही ओळ पुन्हा येत होती. तीच सामग्री उलट्या दिशेने नेऊन त्याने सगळी इमारत उभी केली. म्हणजे आज आपण सुरुवातीला चेलोंच्या पुटपुटण्यानंतर जे ऐकतो, ती सुरावट खरं तर शेवटाची आहे, फक्त पट्टी बदललेली. ‘मला’मधून ‘त्यांना’ निघाले.

काटकसर त्याने आणखीही केली. ‘लाक्रिमोझा’ची सुरावट ‘दॉन कार्लोस’ ऑपेरातून आलेली आहे. १८६७मध्ये पॅरिसला प्रयोगाआधी लांबी कमी करताना ते युगुलगीत कापावं लागलं होतं. एका मृत मित्रासाठीचा विलाप होता तो. जागा बदलली, शोक तोच राहिला. आपल्याकडे एकाच चालीवर अभंगही बसतो आणि लावणीही, त्यामुळे याचं नवल वाटायला नको. जर्मनांना वाटलं.

‘दिएस इरे’विषयी थोडं थांबून बोलायला हवं. चार ठोके, सगळा वाद्यवृंद एकवटून, आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत मोठ्या ढोलाचे आघात. आवाज कोरडा आणि कठीण यावा म्हणून ढोलाच्या दोऱ्या घट्ट ताणाव्यात, अशी सूचना व्हेर्दीने स्वरलिपीतच लिहून ठेवली आहे. मग कोरस वरून खाली कोसळतो. मृतांना उठवणारे कर्णे वाजतात तेव्हा काही कर्णे वाद्यवृंदात असतात आणि चार दूर, नजरेआड. हाक चहूकडून येते आणि पळायला जागा उरत नाही. त्यानंतर एकदम पडतं. खर्जातला गायक ‘मृत्यू’ हा एकच शब्द तीनदा म्हणतो, मधे गप्प राहून. मान्झोनीच्या कादंबरीतली प्लेगची प्रकरणं वाचलेल्या माणसाने हे लिहिलं आहे, असं मला ऐकताना वाटतं. त्याला पुरावा नाही. तो माझा कान आहे.

एक विसंगती मात्र पुराव्याची आहे. त्याच कादंबरीच्या दुसऱ्या प्रकरणात भेकड पाद्री दॉन अब्बोंदियो लग्न लावायचं टाळण्यासाठी रेन्झोच्या तोंडावर लॅटिन नियमांची यादी फेकतो, आणि रेन्झो चिडून विचारतो की तुमच्या या ‘लातिनोरुम’शी मला काय करायचंय. लॅटिन ही दुबळ्याला गप्प करण्याची भाषा आहे, हे त्या एका वाकड्या शब्दात आलं. एकनाथांनी संस्कृताविषयी विचारलेला प्रश्न आठवावा. आणि ज्याने रेन्झोला हा शब्द दिला, त्याच्या श्राद्धाला पुरा दीड तास लॅटिन. दुसरा मार्गही नव्हता. चर्चच्या विधीची तीच भाषा होती. पण व्हेर्दीने तिच्याशी ज्या तऱ्हेने वागणूक केली ती रेन्झोला समजली असती. शब्द कळो न कळो, कोण घाबरलंय, कोण विनवतंय, कोण उठून उभं राहिलंय, ते आवाजातून कळतं.

सान मार्कोमध्ये बायकांना गाऊ द्यायचं की नाही, हाही प्रश्न होता. चर्चच्या विधीत स्त्रियांचं गायन रीतीत बसत नव्हतं. आर्चबिशपची खास परवानगी मिळवावी लागली, आणि गायिका काळ्या वेषात, डोक्यावरून काळी ओढणी घेऊन उभ्या राहिल्या. चर्चमध्ये टाळ्या वर्ज्य, म्हणून लोक गप्प बसले. तीन दिवसांनी ला स्कालात तोच प्रयोग झाला तेव्हा ती कसर भरून निघाली. काही भाग पुन्हा गाऊन घेण्यात आले. त्यानंतर पॅरिस, लंडन, व्हिएन्ना. लंडनच्या १८७५च्या प्रयोगाआधी व्हेर्दीने ‘लिबेर स्क्रिप्तुस’ हा कोरसचा भाग काढून तिथे मारिया वाल्डमान हिच्या मंद्र स्त्रीस्वरासाठी एकल गायन लिहिलं. सुधारणा उत्तम आहे. ज्या पुस्तकात सगळ्यांची पापं लिहिलेली आहेत, त्याविषयी समुदायाने बोलण्यापेक्षा एकीनेच बोलणं जास्त भयाण वाटतं.

जर्मन संचालक हान्स फॉन ब्यूलो तेव्हा मिलानमध्येच होता. प्रयोग न ऐकता, नुसती स्वरलिपी चाळून त्याने एका जर्मन वृत्तपत्रात लिहिलं की हा चर्चचा झगा घातलेला ऑपेरा आहे. ब्राम्सने स्वरलिपी मागवून वाचली आणि म्हणाला की ब्यूलोने स्वतःचं हसं करून घेतलंय, असं काम प्रतिभावंतच करू शकतो. अठरा वर्षांनी, १८९२मध्ये, ब्यूलोने व्हेर्दीला पत्र लिहून माफी मागितली आणि व्हेर्दीने ती सहज, थोडी चेष्टा करत, दिली. पण ब्यूलोचा शेरा टिकला. आजही कार्यक्रमपत्रिकांत तो फिरतो. त्यातला आक्षेप असा की देवाशी बोलताना इतकं नाट्य कशाला. मला हा आक्षेप उत्तरेकडचा वाटतो. आपल्या कीर्तनात देवाशी भांडण होतं, रडणं होतं, सोंग येतं, आणि भक्तीला बाध येत नाही.

खरा अवघड प्रश्न निराळा आहे. व्हेर्दीची श्रद्धा किती होती? पत्नी जुझेप्पीना स्ट्रेप्पोनी हिने एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याला नास्तिक म्हणायचं टाळलं आहे, पण फारसा श्रद्धाळू नाही एवढं ती कबूल करते. मान्झोनी ऐन तारुण्यात पुन्हा कॅथलिक झालेला, मनापासून मानणारा. म्हणजे न मानणाऱ्याने मानणाऱ्यासाठी, त्याच्या भाषेत, प्रार्थना लिहिली. हे भाषांतरकाराचंच काम आहे: जे आपलं नाही ते आपल्या तोंडून खरं वाटेल असं म्हणणं. फक्त शेवटी ‘लिबेरा मे’ येतो आणि तिथे दुसऱ्याच्या वतीने बोलता येत नाही.

तो भाग सोप्रानोचा. पहिल्या प्रयोगात तेरेझा स्टोल्झने गायला. सुरुवातीला ती गातच नाही, एका स्वरावर घाईघाईने शब्द म्हणते, खेड्यातला पाद्री म्हणतो तसे. पुढे ‘मी थरथर कापतो आहे’ अशा अर्थाची ओळ येते, आणि लॅटिनमध्ये तिथे ‘फाक्तुस’ आहे, पुल्लिंगी. गाते बाई, व्याकरण पुरुषाचं. इंग्रजीत ही अडचण दिसतच नाही. मराठीत ‘कापतो’ की ‘कापते’ हे ठरवावंच लागतं. विधीला धरून ‘कापतो’ बरोबर, आवाजाला धरून ‘कापते’. मी ‘कापते’ लिहीन. काळी ओढणी घेऊन, परवानगीने उभ्या राहिलेल्या बाईला निदान क्रियापद तरी तिचं मिळावं. शेवटी मोठी फ्यूग उसळते, ओसरते, आणि सोप्रानो पुन्हा त्या एका स्वरावर येऊन ‘मला सोडव’ पुटपुटते. वाद्यवृंद सगळ्यात हळू आवाजात संपतो. सुटका झाली की नाही, ते स्वरलिपीत लिहिलेलं नाही.

व्हेर्दी स्वतः २७ जानेवारी १९०१ला गेला. आपल्या अंत्यविधीत गाणं-बजावणं नको, दोन पाद्री, दोन मेणबत्त्या आणि एक क्रूस पुरे, असं त्याने लिहून ठेवलं होतं.

या रचनेचं पुढचं आयुष्य सांगायचं तर बरीच मोठी नावं येतील. मी एकच जागा घेते: तेरेझीन, प्रागजवळची नाझींनी ज्यूंसाठी केलेली बंदिस्त वस्ती. राफाएल शेख्टर हा तरुण संचालक १९४१च्या नोव्हेंबरअखेर तिथे आणला गेला. त्याच्याकडे व्हेर्दीच्या रेक्विएमची एकच प्रत होती आणि साथीला पियानो. दीडशेच्या आसपास गायकांना त्याने दिवसभराच्या मजुरीनंतर लॅटिन शब्द तोंडपाठ करून घेतले, आणि त्यांचा अर्थही समजावला. वस्तीतल्या वडीलधाऱ्या ज्यूंना ते रुचलं नव्हतं. ज्यूंनी कॅथलिक मिस्सा का गावा, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. सप्टेंबर १९४३मध्ये कोरसमधले बरेच जण आऊशविट्झच्या गाडीत घातले गेले. शेख्टरने नवे गोळा करून पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. असे एकूण सोळा प्रयोग झाले म्हणतात. १९४४च्या जूनमध्ये रेड क्रॉसचं पथक रंगवलेली वस्ती पाहायला आलं, त्या सुमारास शेवटचा. वाचलेल्या गायकांनी पुढे सांगितलं की नाझींना जे तोंडावर बोलता येत नाही ते आपण गाऊन सांगू, अशी शेख्टरची भूमिका होती.

योसेफ बोर या तेरेझीनमधून वाचलेल्या चेक लेखकाने यावर १९६३मध्ये एक छोटी कादंबरी लिहिली. त्यात तपशील कल्पनेने भरलेले आहेत, आणि पुष्कळदा तेच इतिहास म्हणून उद्धृत होतात. वाचताना सावध राहावं. बाकी नोंदी सरकारी आहेत. १६ ऑक्टोबर १९४४च्या गाडीने शेख्टरला आऊशविट्झला नेलं. त्याच गाडीत व्हिक्टर उलमान, पावेल हास, गिडेऑन क्लाइन हे संगीतकार होते. शेख्टर छावणीतून वाचला, पण १९४५मध्ये कैद्यांना पायी हाकत नेलं जात असताना वाटेतच मेला.